धर्मादाय रुग्णालयात १८० रुपयांची कॉफी: श्रीमंत संस्थांना करमाफी कशासाठी?

तळजाईचा_मोर | सोमवार, रात्री १०.१४

मंडळी, मागचा आठवडा पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर काढला. नाव घेत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे यजमान अजून तिथेच दाखल आहेत.

ते रिक्षा चालवतात. टेम्पोने कट मारला आणि मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रॉड घालावा लागणार होता. काउंटरवर पहिलं वाक्य ऐकलं ते "ऐंशी हजार डिपॉझिट". मावशींकडे चार हजार होते. मी तीस भरले, बाकीचं उद्या म्हणालो. कपाळावर आठ्या घालून का होईना, घेतलं.

मग रात्रभर तिथल्या लॉबीत बसलो. संगमरवरी फरशी, भिंतीत पाण्याचा पडदा आणि कोपऱ्यात कॉफीचं दुकान. एका कपाला १८० रुपये. वेळ जात नव्हता म्हणून पावती वाचली, तर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ट्रस्टचा नोंदणी क्रमांक. म्हणजे ही 'धर्मादाय' संस्था! आयकर नाही, जागा म्हणे सरकारने नाममात्र भाड्याने दिलेली, वर देणगीदारांना करात सवलत.

माझा पगार माझ्या हातात पडायच्या आधी त्यातून कर कापला जातो. ज्यांच्या तिजोरीत कोट्यवधी शिल्लक राहते, त्यांना तो माफ. रुग्णालयंच नव्हेत, शिक्षणसंस्था, देवस्थानं, क्रिकेट मंडळं सगळीच आली यात. इतक्या श्रीमंत संस्थांना ही माफी का असावी? खरंच कळत नाही म्हणून विचारतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खारी_बटर | सोमवार, रात्री १०.२१

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर उद्या.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री १०.३०

१८० ची कॉफी पिऊन छातीत दुखलं तर लिफ्टने वर जायचं. सोय पाहा ना राव. (दिवे घ्या.)

ताळेबंद | सोमवार, रात्री ११.४८

पेशाने सीए आहे. आठ-दहा ट्रस्टचं ऑडिट करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी शिव्या खायची सवय आहे.

पहिला गैरसमज काढतो. 'ट्रस्ट आहे म्हणून कर नाही' असं नसतं. १९६१च्या आयकर कायद्यात सगळा खेळ कलम ११चा. नोंदणी असेल, आणि वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम संस्थेच्या उद्दिष्टावर खर्च केली, तर कर नाही. उरलेले १५ टक्के विनाअट शिल्लक ठेवता येतात. ८५ पूर्ण झाले नाहीत तर कारण सांगून, फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवता येते. विश्वस्तांनी किंवा त्यांच्या नातेवाइकांनी संस्थेच्या पैशातून स्वतःचा फायदा करून घेतला तर कलम १३ आहे. आता २०२५चा नवा कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, गाभा तोच.

'धर्मादाय' म्हणजे काय तेही कायद्यात लिहिलंय: गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरण, वारसा जतन, २०१६पासून योगसुद्धा, आणि शेवटी 'सार्वजनिक उपयोगाचं इतर कुठलंही उद्दिष्ट'. आता बारकाईने पाहा. गरिबांना मदत हा एक वेगळा प्रकार आहे. वैद्यकीय मदत हा दुसरा. म्हणजे आयकर कायद्याच्या लेखी रुग्णालयाने श्रीमंतांवर पूर्ण पैसे घेऊन उपचार केले तरी ते धर्मादाय असू शकतं. संस्था श्रीमंत आहे का, हा प्रश्न कायदा विचारतच नाही. पैसा कुणाच्या खिशात गेला, एवढंच विचारतो.

तळजाईचा_मोर | मंगळवार, सकाळी ७.०५

@ताळेबंद, धन्यवाद. पण मग तो संगमरवर? तो 'उद्दिष्टावर खर्च' धरला जातो?

ताळेबंद | मंगळवार, सकाळी ८.३०

बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. होय. इमारत, एमआरआय, नवा विंग, लॉबी हा भांडवली खर्चही ८५ टक्क्यांत मोजला जातो. समजा वर्षाला तीस कोटी उरले. त्यात नवा मजला चढवला की शिल्लक शून्य, कर शून्य. पुढच्या वर्षी त्या मजल्यावरच्या डिलक्स खोल्या भरतात, आणखी पैसे उरतात, आणखी मजला. पूर्वी तर त्याच मजल्यावर घसाराही (झिजेपोटीची वजावट) मिळायचा, म्हणजे एका लाडवाचे दोन लाडू. ते २०१४च्या अर्थसंकल्पात बंद झालं.

नफा वाटता येत नाही, म्हणून तो विटांमध्ये जातो. आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे हे.

गोंयचो_दर्यो | मंगळवार, सकाळी ९.१०

आमच्याकडे देवळांना महाजन असतात आणि कारभार अजून पोर्तुगीजकालीन १९३३च्या देवस्थान नियमावलीने चालतो. तिथे भांडण कराचं नसतं, पालखीला आधी खांदा कुणी द्यायचा याचं असतं. सहज सांगितलं. चालू द्या.

पायरीवरचा_वकील | मंगळवार, दुपारी १.१५

ताळेबंद यांनी आयकराची बाजू मांडली. पण आपल्या राज्यात गोष्ट तिथे संपत नाही, आणि मूळ धाग्याचं उत्तर इथेच आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ४१एए. आणि त्याखाली २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना. धर्मादाय रुग्णालयाने चालू खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या. शिवाय इतर सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळ्या खात्यात टाकायची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून स्थिर करायचं आणि या दोन्ही गटांकडून डिपॉझिट मागायचं नाही.

म्हणजे मोरसाहेब, तुमच्याकडून घेतलेले तीस हजार मुळात घ्यायलाच नको होते. रिक्षावाल्या कुटुंबाचं उत्पन्न या मर्यादेत बसत असणार. आजच्या आज तिथल्या समाजसेवा विभागात जा.

जाता जाता: 'धर्मादाय'च्या या व्याख्येचं मूळ विलायतेत आहे. १८९१ साली पेमसेल खटल्यात लॉर्ड मॅकनॉटन यांनी चार प्रकार सांगितले: दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्म आणि लोकोपयोगी इतर कामं. आपण धर्म वेगळा हाताळला, बाकीचा सांगाडा जवळपास तोच.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, दुपारी १.२२

साहेब गेले, सांगाडा ठेवून गेले. त्याच्यावर संगमरवर आपण चढवला.

केसपेपर | मंगळवार, रात्री ९.५६

बरीच वर्षं फक्त वाचनमात्र आहे. या धाग्यावर राहवलं नाही.

मी एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. वकीलसाहेबांनी सांगितलेली योजना कागदावर तंतोतंत तशीच आहे. माझ्या टेबलावर ती कशी दिसते ते सांगते.

माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे कागद नसतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, रेशन कार्ड लागतं. पिवळं कार्ड असेल तर काम सोपं. ज्याच्या बायकोला आत्ता अतिदक्षता विभागात नेलंय, तो दाखला काढायला गावी कसा जाईल? मग मी म्हणते, दोन दिवसांत आणून द्या. बिलिंगवाले म्हणतात, मॅडम, तोपर्यंत डिपॉझिट घेऊ का? रोजचं हे भांडण.

निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, जेवण, साध्या तपासण्या मोफत. डॉक्टरांनी फी सोडायची. औषधं, सुया-नळ्या, रॉड-प्लेटा यांचे पैसे निधीतून, तेही खरेदीच्या दराने. एरवी रॉडवर जी किंमत छापलेली असते आणि ज्या दराने रुग्णालयाला तो मिळतो, त्यातला फरक ज्या दिवशी पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. दुर्बल गटातल्या रुग्णाला या सामानाचे निदान निम्मे पैसे भरावे लागतात. लोकांना वाटतं, सवलत म्हणजे सगळं फुकट. शेवटी बिल हातात पडलं की माझ्यावर ओरडतात.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे महिना संपता संपता निधी खरंच संपतो. एक हृदयशस्त्रक्रिया आणि दोन नवजात बाळं काचेच्या पेटीत एवढं झालं की खडखडाट. अशा वेळी वरचे लोक स्वतःच्या ओळखीने देणगीदार शोधतात, हे मी पाहिलंय. उलट अशाही जागा ऐकून माहीत आहेत की जिथे राखीव खाटा रिकाम्या असतात, कारण त्या आहेत हे कुणी सांगतच नाही. समाजसेवा विभागाची पाटी पार्किंगच्या मागे.

मोर, तुमच्या मावशींना सांगा: दाखला, रेशन कार्ड, आधार, आणि डिस्चार्जच्या आधी अर्ज. डिस्चार्जनंतर फार जड जातं.

खारी_बटर | मंगळवार, रात्री १०.२०

केसपेपरताई, लिहीत राहा हो. वाचनमात्र कसल्या राहताय!

स्टेथो_गळ्यात | बुधवार, सकाळी ६.४०

रात्रपाळी संपवून लिहितोय, त्यामुळे थोडा तिखट लागलो तर माफ करा.

'श्रीमंत' या शब्दावर सगळे तुटून पडलेत. गरीब संस्थेने कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) चालवून दाखवावी. गरीब संस्थेकडे व्हेंटिलेटर असतो, पण तो चालवणारा माणूस नसतो. वरच्या मजल्यावरचा डिलक्स खोलीवाला जे पैसे देतो त्यातूनच खालचा जनरल वॉर्ड चालतो. लॉबीतली कॉफी तुम्हाला टोचली, पण त्या दुकानाचं भाडं संस्थेलाच मिळतं ना? आणि बाजूच्या कंपनीच्या रुग्णालयाला २ टक्के निधी नाही, राखीव खाटा नाहीत, जाब विचारायला धर्मादाय आयुक्त नाहीत. तिथे कुणी धागा काढत नाही.

परळचं टाटा बघा. श्रीमंत ट्रस्टच्या पैशातून उभं राहिलं म्हणून आज देशभरातून कॅन्सरचे रुग्ण तिथे येतात.

पायरीवरचा_वकील | बुधवार, सकाळी ९.०२

डॉक्टर, बाकी मुद्दे ठीक, पण टाटाचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. १९४१ साली ट्रस्टने सुरू केलं हे खरं. पण १९५७ला ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे आज ते आपल्या कराच्या पैशावर चालतं, करमाफीवर नाही.

स्टेथो_गळ्यात | बुधवार, सकाळी ९.१५

मान्य. झोपतो.

ताळेबंद | बुधवार, दुपारी ३.३०

डॉक्टर उठेपर्यंत त्यांच्या मुद्द्याचं गणित मांडतो. आकडे मनाचे आहेत, पण प्रमाण साधारण असं असतं.

समजा मोठ्या धर्मादाय रुग्णालयाचं वर्षाचं बिलिंग ३०० कोटी. २ टक्के निधी म्हणजे ६ कोटी. आता हेच कंपनीचं रुग्णालय असतं आणि खर्च जाऊन १० टक्के उरले असते, तर ३० कोटी नफा. कंपनीला सवलतीच्या दराने अधिभार-उपकर धरून सुमारे २५.१७ टक्के कर, म्हणजे साडेसात कोटी. त्यात मालमत्ता कराची सूट (मुंबईत १८८८च्या महापालिका कायद्याचं कलम १४३ धर्मादाय वापराच्या इमारतींना सर्वसाधारण करातून वगळतं), जागेचं नाममात्र भाडं, ८०जीमुळे (देणगीदाराला करसवलत देणारं कलम) जास्त मिळणाऱ्या देणग्या.

दुसऱ्या पारड्यात निधीचे ६ कोटी, राखीव खाटांचा खर्च, डॉक्टरांनी सोडलेली फी. आणि मुख्य म्हणजे कुणी लाभांश घरी नेत नाही.

काटा कुठे झुकतो? मी ऑडिटर असून सांगू शकत नाही. कारण ही दोन पारडी एका कागदावर मांडायला कुणी सांगितलेलंच नाही. आयकराचा फॉर्म एका खात्याकडे, निधीचा हिशोब धर्मादाय कार्यालयाकडे, जागेचा करार महसूल खात्याकडे, मालमत्ता कर पालिकेकडे. चार खाती आणि चौघांची तोंडं चार दिशांना.

तळजाईचा_मोर | बुधवार, दुपारी ४.१०

हेच, हेच. मी 'श्रीमंत' म्हणालो तिथे चुकलो बहुधा. मला म्हणायचं होतं की माफीच्या बदल्यात काय मिळालं हे मला कुठे दिसतच नाही.

साईचरणी | बुधवार, सायंकाळी ६.००

देवस्थानांचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. शिर्डी संस्थानाची दोन रुग्णालयं आहेत, प्रसादालयात रोज हजारो लोक जेवतात. तरी आयकर खात्याने दानपेटीतल्या निनावी पैशावर कर मागितला होता. निनावी देणग्यांवर ३० टक्के कर आहे, निव्वळ धार्मिक संस्थांना त्यातून सूट. खात्याचं म्हणणं, तुम्ही धर्मादाय आहात, धार्मिक नाही! शेवटी ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, सूट मिळेल.

आता दानपेटीत शंभराची नोट टाकणाऱ्याने पॅन नंबर लिहायचा का?

निरीश्वर_पण_प्रेमळ | बुधवार, सायंकाळी ६.२५

शंभराच्या नोटेला कुणाची हरकत नाही हो. सोन्याच्या मुकुटावर देणाऱ्याचं नाव नसतं, हरकत तिथे आहे.

साईचरणी | बुधवार, सायंकाळी ६.३१

मुकुट देणारे उलट नाव लावा म्हणून मागे लागतात, कधी येऊन बघा.

निरीश्वर_पण_प्रेमळ | बुधवार, सायंकाळी ६.४०

हाहा. हा मुद्दा तुमचा.

सिली_पॉइंट | बुधवार, रात्री ८.१५

क्रिकेट मंडळ राहिलं ना! आयपीएल चालवायची आणि 'खेळाचा प्रसार' म्हणायचं. २०२१ साली आयकर न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने मान्यही केलं की स्पर्धा धंदेवाईक स्वरूपाची झाली म्हणून प्रसाराचं उद्दिष्ट संपत नाही. ईडन गार्डन्सपेक्षा मोठी देणगीपेटी कुठे बघितली आहे का कुणी?

ताळेबंद | बुधवार, रात्री ८.५०

थोडी दुरुस्ती. मंडळ कर अजिबात भरत नाही ही दंतकथा आहे. संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २०२१-२२मध्ये बीसीसीआयने १,१५९ कोटी रुपये आयकर भरला. सूट मिळावी यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे ही गोष्ट वेगळी.

आणि ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन मोठे निकाल दिले. एकात 'सार्वजनिक उपयोगाचं इतर उद्दिष्ट' म्हणणाऱ्यांची कानउघाडणी: बाजारभावाने, भरघोस नफ्यावर सेवा विकाल तर तो धंदा. धंद्यासारखं उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या आतच हवं. राज्य क्रिकेट संघटनांची प्रकरणं पुन्हा तपासायला परत पाठवली. दुसरा निकाल शिक्षणसंस्थांचा: 'केवळ शिक्षणासाठी' म्हणजे केवळच. सोबत इतर उद्योग चालवून सूट मागता येणार नाही.

गंमत बघा, रुग्णालयांवर २० टक्क्यांची ही मर्यादा नाही. वैद्यकीय मदत हा वेगळा प्रकार आहे म्हणून.

खारी_बटर | बुधवार, रात्री ९.३३

आले एकदाची. मी शिक्षणक्षेत्रात होते, तिथलं सांगते.

एकीकडे रयत शिक्षण संस्था. १९१९ साली कर्मवीरांनी काले गावात सुरू केली. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्या संस्थेची करमाफी काढा असं कोण म्हणेल?

दुसरीकडे १९८३नंतर निघालेली विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं. नोंदणी त्याच कायद्याखाली, करमाफी त्याच कलमाखाली. कॅपिटेशन फीवर १९८७ साली राज्याला कायदा करून बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजा. २००२च्या टी. एम. ए. पै निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नफेखोरी नको, पण विकासासाठी वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही. झालं! त्या 'वाजवी' शब्दातून हेलिपॅड जाईल एवढी वाट निघाली.

मी ज्या संस्थेत होते तिथे बसेस, कँटीन, गणवेश, पुस्तकं, सगळ्याची कंत्राटं एकाच आडनावाकडे. नफा वाटायचा नाही म्हणे. वाटत कुठे होते? घरातल्या घरातच राहत होता.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, रात्री ९.४०

कलम १३ म्हणते नातेवाइकाले फायदा नको. आमच्या तालुक्यात तर अर्धं गावच एकमेकाचं नातेवाईक. कंत्राट द्यावं कोनाले?

बॉस्टनचा_बंड्या | गुरुवार, सकाळी ७.२०

इथेही हाच काथ्याकूट चालतो, फक्त आकड्यांना शून्यं जास्त. हार्वर्डचा निधी ५० अब्ज डॉलरच्या वर आहे. २०१७पर्यंत त्याच्या गुंतवणूक उत्पन्नावर कर नव्हता. मग १.४ टक्के लावला, ज्यांचा निधी दर विद्यार्थ्यामागे ५ लाख डॉलरच्या वर आहे त्यांच्यावर. २०२५च्या कायद्याने टप्पे पाडले: दर विद्यार्थ्यामागे २० लाख डॉलरच्या वर निधी असेल तर ८ टक्के. म्हणजे अमेरिकेने 'श्रीमंत आहात का' हा प्रश्न थेट विचारायला सुरुवात केली, जो आपला कायदा विचारत नाही असं वर ताळेबंद म्हणाले.

पण मला मजा वाटते ती बॉस्टन शहराच्या योजनेची. दीड कोटी डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या करमुक्त संस्थांना शहर सांगतं, तुम्हाला जेवढा मालमत्ता कर बसला असता त्याच्या २५ टक्के आपखुशीने द्या. त्यातला निम्मा हिस्सा लोकांसाठी केलेल्या कामांच्या रूपात चालेल. सक्ती नाही, आणि बरेच जण पूर्ण देतही नाहीत. पण शहर प्रत्येकाच्या नावापुढे मागितले किती आणि दिले किती याचा तक्ता जाहीर करतं. दरवर्षी वर्तमानपत्रं छापतात आणि कुलगुरूंना घाम फुटतो.

आमचं इथलं महाराष्ट्र मंडळही करमुक्त आहे बरं का. श्रीमंती: चार ढोल, दोन ताशे आणि एक गळका तंबू.

हिशोबनीस_काका | गुरुवार, सकाळी ११.००

बंडूने विषय काढला म्हणून आमच्यासारख्यांचंही ऐका. कोकणातल्या एका छोट्या वाचनालयाचा मी बिनपगारी खजिनदार आहे. वर्षाची उलाढाल साडेचार लाख. २०२१पासून सगळ्या ट्रस्टना नव्याने नोंदणी करायला लावली, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पोर्टल बंद पडायचं, मुदत वाढायची, असं करत करत शेवटची तारीख जून २०२४पर्यंत लांबली. आमच्या शेजारच्या संस्थेने एक फॉर्म चुकीच्या खान्यात भरला आणि तो निस्तरायला दोन वर्षं लागली. देणगीदारांची यादी वेगळी, ऑडिट अहवाल वेगळा, धर्मादाय कार्यालयाचा बदल अर्ज वेगळा. २०२५मध्ये पाच कोटींच्या आतल्या संस्थांना दहा वर्षांची मुदत मिळाली, तेव्हा कुठे श्वास घेतला.

तुम्ही मोठ्यांवर चिडून 'नियम कडक करा' म्हणता. मोठ्यांकडे सीएंची फौज असते. नियमाचा दंडुका पडतो तो आमच्या पाठीत. कडक करायचं असेल तर आकार बघून करा.

ताळेबंद | गुरुवार, सकाळी ११.३०

काकांशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडच्या सगळ्यात छोट्या ट्रस्टची फाइल सगळ्यात जाड आहे.

सिली_पॉइंट | गुरुवार, दुपारी १२.०५

गणपती मंडळांचं काय? नवसाच्या रांगेत व्हीआयपी दरवाजा...

संपादक_मंडळ | गुरुवार, दुपारी १२.२०

गणपतीसाठी वेगळा धागा काढावा. मागच्या वेळी काय झालं ते आठवत असेलच.

स्टेथो_गळ्यात | गुरुवार, रात्री ९.१०

झोप झाली, डोकं थंड आहे.

ताळेबंद यांच्या गणितावर माझा एकच आक्षेप: त्यात सोडलेल्या फीची किंमत धरली नाही असं म्हणणार होतो, पण त्यांनी धरली आहे, फक्त आकडा दिला नाही. तो आकडा आमच्या रुग्णालयाकडेही नाही. मी वर्षाला निर्धन रुग्णांवर किती शस्त्रक्रिया करतो हे मलाच अंदाजाने माहीत आहे. आज मुद्दाम विचारलं तर रेकॉर्डवाला म्हणाला, "सर, कशाला पाहिजे?"

बॉस्टनसारखा तक्ता इथे लागला तर मला आवडेल. आमचा आकडा चांगला निघेल असं वाटतं. नाही निघाला तर तेही कळेल.

केसपेपर | गुरुवार, रात्री १०.३०

माझी मागणी त्याहून छोटी आहे. पेट्रोलपंपावर भावाचा फलक असतो तसा कॅज्युअल्टीच्या दारात एक फलक: आज निर्धनांसाठी इतक्या खाटा, पैकी रिकाम्या इतक्या, निधीत शिल्लक इतकी. खडूने लिहिला तरी चालेल. माझी रोजची निम्मी भांडणं संपतील. आणि निधी खरंच संपलेला असेल तर लोकांनाही दिसेल की आम्ही खोटं बोलत नाही.

तळजाईचा_मोर | पुढच्या आठवड्यात, शनिवार, सायंकाळी ७.४५

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं.

दाखला मिळाला. मावशींची मुलगी तहसीलला तीन चकरा मारून आली. रेशन कार्ड पिवळं नव्हतं, केशरी निघालं, पण उत्पन्न १ लाख ४४ हजार असल्याने निर्धन गटात बसले. केसपेपर यांनी सांगितल्याप्रमाणे डिस्चार्जच्या आधी अर्ज दिला. समाजसेवा विभाग सापडायला वीस मिनिटं लागली. पार्किंगच्या मागे नव्हता, तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून होता. आतल्या बाई मात्र सोन्यासारख्या.

मूळ बिल २ लाख १० हजारांच्या आसपास. भरावे लागले शून्य. फक्त वॉकर बाहेरून आणला, अकराशे. माझे तीस हजार पंधरा दिवसांत खात्यावर जमा होतील म्हणाले. म्हणजे हे रुग्णालय जे द्यायला बांधील होतं ते त्यांनी दिलं, हे मोकळेपणाने लिहितो. पण या धाग्यावर तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही ऐंशी हजार भरले असते, कर्ज काढून.

निघताना काउंटरवर विचारलं, निधीत आज किती शिल्लक आहे. "ते वरून विचारावं लागेल." वर गेलो. "ते खालून मिळेल."

मग वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, ट्रस्टला थेट माहिती अधिकार लागू होईल का यावर वाद घालत बसू नकोस, ट्रस्टने धर्मादाय कार्यालयाकडे दिलेले निधीचे मासिक हिशोब त्या कार्यालयाकडून माग. मागच्या तीन वर्षांचे मागितलेत. अर्ज काल टाकला. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं की इथेच टाकतो, मग ताळेबंद आणि डॉक्टरांनी मिळून ती दोन पारडी भरावीत.

वऱ्हाडी_ठेचा | शनिवार, सायंकाळी ७.५२

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला ना?

तळजाईचा_मोर | शनिवार, सायंकाळी ७.५५

लावला. त्याला काही माफी नाही.

पायरीवरचा_वकील | शनिवार, सायंकाळी ८.०१

आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना.